शेवटच्या लाँचचा पुकारा

टिटवीचा पाय त्या सकाळी एका जागी ठरत नव्हता. धक्क्यावरच्या सामानाच्या खोलीत ती आत येई, बाहेर जाई, पुन्हा आत येई. बॅगेची चेन उघडी, लावी, काहीतरी राहिलं असं वाटून पुन्हा उघडी. तिचा स्वभावच तसा. पाळण्यात झोपेतसुद्धा हातपाय हलवायची, म्हणून बापानं टिटवी म्हटलं आणि तेच अंगाला चिकटलं. पण आजची तगमग स्वभावातली नव्हती. आज बापाचा धक्क्यावरचा शेवटचा दिवस होता, आणि दुपारच्या लाँचनं यंत्र बसवणारा माणूस यायचा होता.

बापाला सगळा धक्का भोंगा म्हणे. खाडीच्या अलीकडे उभं राहून त्यानं पुकारलं की पलीकडच्या काठावरची कुत्री कान टवकारतात, असं लोक सांगत. त्यात मीठमसाला थोडा, खरेपणा बराच. कुठली लाँच लागली, कुठली सुटते, कुणी थांबायचं, कुणी चढायचं, हे हातातल्या माइकमधून, टोकाच्या खांबावरच्या कर्ण्यावरून सांगणं त्याचं काम. बोलताना सगळे लाँच म्हणत, तोही म्हणे. पण पुकाऱ्यात मात्र तो तिला नाव म्हणायचा, आणि पुकारा कधी सरळ द्यायचा नाही. प्रत्येक लाँचची एकेक ओळ त्यानं जुळवून ठेवली होती, बाळाला न्हाऊ घालताना आई जुळवते तशी, हाताबरोबर.

उद्यापासून तिथे माणूस नसणार, पेटी असणार. बटण दाबलं की पेटी बोलणार. कुठल्यातरी लांबच्या शहरातल्या बाईचा विकतचा आवाज, जिनं जन्मात या खाडीच्या पाण्याचा वास घेतला नसेल. टिटवीला ते ऐकून अन्न गोड लागेना. ती ध्वनिमुद्रण करणारी. लोकांच्या मुलाखती, नाटकं, सभा, पहाटेचे पक्षी, दुनियेचे आवाज तिनं भरून आणले होते. बापाचा तेवढा राहिला होता. आज भरू, उद्या भरू, तो कुठे पळून जातोय, असं म्हणता म्हणता हा दिवस उजाडला. मग ती वरच्या कचेरीत, धक्क्याचा कारभार बघणाऱ्या मॅडमकडे गेली. पेटी बसवायचीच आहे तर आवाज तरी आमचा घाला, म्हणाली. मॅडम वयानं तिच्याएवढ्याच, कामाला चोख. त्यांनी विचार केला आणि सांगितलं की यंत्रवाला यायच्या आत सगळे पुकारे स्वच्छ भरून दिलेस तर काकांचा आवाज घालू, एकही राहिला तर विकतचा.

बापाला विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, तुझी हौस आहे ना, मग करू. म्हणजे त्याची स्वतःची नव्हती. टिटवीनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

खोली मात्र तिनं नामी हेरली होती. चारी भिंतींवर पोहता न येणाऱ्यांसाठीची नारिंगी जाकिटं टांगलेली, एकावर एक, जाड, मऊ. ती सगळा आवाज पिऊन टाकत. खिडकी एकच, धक्क्याच्या फळ्यांकडे उघडणारी. तिच्यावरही तिनं जाकिटं सारली. मग बिनतारी माइकचा आवाज पकडणारा रिसीव्हर लावला आणि त्याला मोकळा चॅनेल शोधायला सोडलं. त्यानं एकेक वाट चाचपली. कुठे लाँचवाल्यांच्या वायरलेसची खरखर, कुठे लांबच्या केंद्राची कुजबुज. आणि मग एक वाट अशी निघाली की तिथे काहीच नव्हतं, वारा पडलेल्या तळ्यासारखं. टिटवीनं तीच धरली, कमरेला लावायच्या ट्रान्समीटरवरही तोच आकडा बसवला, नवे सेल घातले. धक्का अजून पुरता जागा झालेला नाही, बऱ्याच गोष्टी अजून बंदच आहेत, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

बाप आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, केस पाणी लावून बसवलेले. फोटो काढायचा असल्यासारखा. टिटवीनं चिमटीएवढा माइक हातात घेतला, त्याच्यावर वाऱ्यासाठीची केसाळ टोपी चढवली. तो बघत राहिला.

"हा उंदीर कुठं बांधतेस?"

"कॉलरला. वारा आवाजात घुसू नये म्हणून असतो तो."

"वाऱ्याला भिऊन उंदीर पाळायचा. चांगलं शिकलीस."

तिनं वायर शर्टाच्या आतून घेतली. कापड घासलं की माइकला ते वादळासारखं ऐकू जातं, म्हणून वायरचा छोटा वेढा छातीवर चिकटपट्टीनं बसवावा लागतो. तिनं दोन बटणं काढली. छातीवरचे केस पांढरे झाले होते. कधी झाले, तिला सांगता आलं नसतं. पट्टी दाबताना बोटांखाली त्याचं काळीज चालू होतं, लाँचचं इंजिन उभं असताना चालू असतं तसं, मंद. तिनं हात जरा जास्तच वेळ ठेवला, मग झटकन काढला. ट्रान्समीटर पोटाशी पट्ट्याला अडकवला आणि बजावलं की याला हात लावायचा नाही, बंद करायचा नाही, हे अंगावर आहे हेच विसरून जायचं.

"तुझी आई जन्मभर सांगत आली, विसरू नका म्हणून," तो म्हणाला. "तू तरी भेटलीस, विसरा म्हणणारी."

चाचणी म्हणून तिनं त्याला फळ्यांवरून टोकापर्यंत चालायला लावलं. ती दारात, कानांवर हेडफोन, गळ्यात रेकॉर्डर. तो पाण्याकडे तोंड करून बडबडत चालला होता, आणि निम्म्या वाटेवर आवाज फाटायला लागला. एक शब्द येई, दोन गळून पडत. टोकाला जाऊन तो वळला, तसा आवाज पुन्हा कानाशी आला, इतका जवळ की श्वाससुद्धा मोजावा. तो परत आल्यावर तिनं सांगितलं की यंत्र पोटाशी आहे, आणि माणसाचं अंग म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. पाण्यातून ही लहर जात नाही. तुम्ही पाठ केलीत की तुमचंच अंग मध्ये येतं.

"म्हणजे मी पाठ फिरवली की तुला ऐकू येत नाही."

"तुटक येतं."

"तुझ्या आईला समोर उभं राहून येत नाही, तिच्यापेक्षा यंत्र बरं."

आत जाऊन दार लावलं. बाप त्या नारिंगी जाकिटांमध्ये पाहुण्यासारखा उभा राहिला, हात कुठे ठेवावेत ते कळेना. टिटवीनं खूण केली. त्यानं बाजाराच्या लाँचचा पुकारा दिला, आणि तो पुकारा नव्हताच. शब्द तेच, ओळ तीच, पण मधलं माणूस कुठेतरी निघून गेलं होतं. तिनं पातळी वाढवली, कमी केली, माइक वर घेतला, खाली घेतला. पुन्हा तेच. आई चहा घेऊन आली. ती तिकीट खिडकीवर बसायची, त्या आवाजाच्या सावलीत तिचं आयुष्य गेलेलं. दाराशी थांबून तिनं ऐकलं आणि विचारलं, "आत कोण आहे? कोर्टातला शिपाई?" कप ठेवून ती निघून गेली.  घशाला कोरड पडली असेल, झोप झाली नसेल, असं टिटवी एकेक सुचवत गेली. तो मान हलवत राहिला. शेवटी अवघडून म्हणाला,

"टिटवे, लाँच कुठंय?"

"लाँच नाहीय बाबा. नुसतं म्हणायचंय."

"नसलेली लाँच आली कशी म्हणू?"

ती हसली, पण तो हसला नाही. तेव्हा तिला उमगलं. लहानपणापासून ती बघत आली होती आणि तरी तिनं पाहिलं नव्हतं: तो वेळापत्रकावर कधी पुकारत नसे. लाँच लांबून दिसली म्हणून नाही, तिनं शिटी दिली म्हणून नाही, धक्क्याला घासली म्हणूनही नाही. दोर खुंट्यावर पडायचा, त्याचे डोळे दोरावरून फळीवर, फळीवरून पाण्यावर फिरायचे, आणि मगच तोंड उघडायचं. लाँचवालेसुद्धा त्याच्या शब्दावर चालत. भोंग्यानं सुटते म्हटलं की खलाशाचा हात आपोआप दोराकडे जाई.

तिनं खिडकीवरची जाकिटं बाजूला केली. पहाटेच्या लाँच येऊ लागल्या होत्या. या लाँचना खरंतर पुकारा लागत नाही. कामावर जाणाऱ्यांची डोळ्यांवर झोप असते, पण पायांना वाट पाठ असते. आज मात्र भोंगा खिडकीशी उभा राहिला आणि दोर पडला की त्याच्या छातीतून आवाज निघे.

"दवाखान्याची नाव लागली, पायरी हिची ओली,
म्हाताऱ्याला हात द्या हो, घाई कसली झाली..."

टिटवीच्या अंगावर काटा आला. हे, हेच. गिरणीची लाँच झाली, शाळेची झाली, बाजाराची झाली. मध्येच चिमण्या बोलत, कुणी खोकत जाई, ती चडफडे, पुढच्या लाँचची वाट पाही, येरझाऱ्या घाली. खोलीतल्या खोलीत तिनं एवढं चालणं केलं की खाडी ओलांडून झाली असती. एकेक करत सगळे पुकारे हाती आले. राहिला एक. शेवटच्या लाँचचा.

तो द्यायला बाप तयार होईना. शेवटची लाँच संध्याकाळी, दिवे लागताना. तेव्हा पुकारू, म्हणाला. टिटवीनं सांगितलं की यंत्रवाला दुपारी येतोय. त्याला थांबव, म्हणाला. तो कुणाचा मावसा लागत नाही थांबायला, म्हणाली. त्यानं सांगितलं की शेवटची म्हटलं की लोक धावतात, ते शब्द तोंडात खेळवायचे नसतात. इथे ऐकायला आहे कोण, तिनं विचारलं. ही जाकिटं धावणार आहेत? वरून मॅडमचा निरोप आला, किती झालं. थोड्या वेळानं पुन्हा आला. ऊन फळ्यांवर चढलं होतं. एवढा खटाटोप करून एका ओळीपायी सगळं पाण्यात जाणार, आणि उद्या त्या खांबावरून ती परकी बाई बोलणार. टिटवीनं खिडकीवर पुन्हा जाकिटं ओढली, दाराची फट कापडानं बुजवली, दिवा मालवला. खोलीत कातरवेळ झाली.

"डोळे मिटा," ती म्हणाली. "संध्याकाळ आहे. दिवे लागलेत. दोर पडला. बाबा, एवढं एकच. माझ्यासाठी."

 अंधारात तिला त्याचा चेहरा दिसला नाही. हेडफोनमध्ये फक्त श्वास आत जाताना ऐकू आला, खोल, खालपर्यंत.

"शेवटची नाव हो, हिच्यामागं नाही नाव,
पलीकडं ज्याचं गाव, त्यानं यावं, त्यानं यावं..."

असा पुकारा त्यानं आजवर दिला नव्हता. त्यात धक्क्यावरच्या सगळ्या संध्याकाळी होत्या, उशीर झालेल्या बायका होत्या, निजलेली पोरं खांद्यावर घेतलेले बाप होते. आणि बहुतेक तो स्वतःही होता. टिटवीचे डोळे भरून आले. सुराच्या मागून एक बारीकसा पडसाद आल्यासारखा वाटला. कुठलं तरी जाकीट सरकलं असेल, असं तिला वाटलं. तिनं हात वर करून खूण केली, आणखी एकदा. त्यानं पुन्हा पुकारलं. आणि मध्येच तुटला.

"धावतायत," तो म्हणाला.

"कोण?"

"फळ्या वाजतायत. लोक धावतायत."

तिनं हेडफोन काढले आणि मग तिलाही ऐकू आलं. दार उघडलं तर सगळा धक्का उठला होता. उन्हाच्या ऐन भरात, बाजाराची लाँच माल उतरवत उभी, आणि हातात मिळेल ते घेऊन माणसं तिच्याकडे पळत होती. कुणाची चप्पल फळीच्या फटीत अडकून मागे राहिलेली. लाँचवर जायची फळी एकच, तिच्यावर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर अडकलेले, मधोमध एक काठीवाला म्हातारा, ना पुढे ना मागे. एक बाई लाँचवर पोचली होती आणि तिचं लहानगं खाली गाठोड्यावर बसून टाहो फोडत होतं. आणि खलाशी, भोंग्याच्या शब्दावर भरवसा ठेवून, खुंट्यावरचा दोर सोडत होता.

"दोर!"

हा शब्द दोनदा आला. एकदा बापाच्या तोंडून, आणि एकदा टोकाच्या खांबावरच्या कर्ण्यातून.  टिटवीला सगळं एका क्षणात कळलं. धक्क्याचा स्पीकरही बिनतारीच. पहाटे तिनं चॅनेल शोधला तेव्हा तो बंद होता, म्हणून तळं शांत दिसलं. मग आत दिवा मालवला त्याच सुमारास परगावची माणसं यायला लागली, तशी आईनं रोजच्यासारखी तिकीट खिडकीतून स्पीकरची कळ दाबली. तळ्याला मालक होता. बापाच्या छातीवरचा माइक थेट खांबावर जाऊन बोलत होता.

"दोर धरून ठेव," भोंगा फळ्यांवरून चालत म्हणत होता. तो धावला नाही. तो धावला असता तर सगळे आणखी धावले असते. "कुणी धावू नका. चुकीचं पुकारलं मी. ही शेवटची नाही. संध्याकाळपर्यंत लाँच आहेत, सगळ्यांना मिळतील. फळीवरच्यांनी आहात तिथंच उभं राहा. खालच्यांनी एक पाऊल मागं. आजोबा, काठी उजवीकडं टेका, खलाशी हात देतोय. बाई, उतरू नका. बाळ माझ्याजवळ आहे."

कळ बंद करायला टिटवीचा हात शिवशिवला. पण आता कळ बंद केली तर त्याचा आवाज जाईल, हे तिला कळत होतं. ती करण्यासारखं एकच करत राहिली: त्याच्या मागे न राहता बाजूनं पुढे होत गेली, तो सतत समोर राहील अशी, रिसीव्हर छातीशी धरून. ती सवय तिच्या धंद्याची होती, आणि त्या घडीला तिच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं.

त्यानं मूल उचललं. ते त्याच्या कॉलरशी, उंदराशीच तोंड लावून रडायला लागलं, आणि ते रडणं खांबावरून सगळ्या खाडीवर गेलं. मग त्याच्याखालून भोंग्याचं गुणगुणणं आलं. शब्द नव्हते, नुसती छाती घुमत होती. टिटवीच्या लहानपणी घुमायची तशीच. रडणं हुंदक्यांवर आलं. हुंदके लांबले. सगळ्या धक्क्यानं ते मूल गप्प होताना ऐकलं, आणि मूल गप्प झालं तसा धक्काही गप्प झाला. माणसं एकमेकांकडे बघून ओशाळली. फळी मोकळी झाली, म्हातारा पार गेला, मूल आईकडे पोचलं. कुणाला काही लागलं नव्हतं, एक पिशवी तेवढी पाण्यात गेली होती, तीही एका खलाशानं गळानं काढली.

टिटवीनं तिकीट खिडकीशी जाऊन कळ बंद केली. आईला तोवर उलगडा झाला होता. मी मेलीनं रोजच्यासारखी कळ दाबली, मला काय माहीत, असं ती म्हणत होती, आणि तिकिटांची गड्डी पुन्हा पुन्हा जुळवत होती. टिटवी म्हणाली, तुझी नाही, माझी चूक. सगळं चालू झाल्यावर चॅनेल परत बघायचा असतो. धंद्यातला पहिला धडा आहे तो.

"पुकारलं मी," बाप मागून म्हणाला. तेवढंच.

वरून मॅडम उतरल्या. चेहरा पांढरा पडलेला. आता बोलणी बसणार म्हणून टिटवी मान खाली घालून उभी राहिली. पण मॅडमनी आधी पिण्याच्या पाण्याचा ग्लास रिकामा केला, मग खांद्यावरच्या पर्सकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, की त्याही पर्स उचलून निम्मा जिना उतरल्या होत्या, आणि मग लक्षात आलं की आपलं घर अलीकडेच आहे. आई तेवढ्यातही फिसकन हसली. मॅडम म्हणाल्या, की तो विकतचा आवाज त्यांनी ऐकलाय, त्यानं कुणी पान खाणारासुद्धा मान वर करणार नाही. आवाज असा हवा. यंत्रवाल्याला त्या संध्याकाळपर्यंत थांबवतील, गोंगाट होता ते पुकारे पुन्हा भरा, पण पेटीत काकाच बोलतील.

टिटवीला रडावं की हसावं कळेना. पहाटेपासून जे मागत होती ते असं पदरात पडलं होतं. ती बापाकडे वळली. बाप कॉलरवरून उंदीर सोडवत होता. सावकाश, वायर ताणू न देता, तिनं शिकवलं होतं तसा. त्यानं तो तिच्या तळहातावर ठेवला.

"पेटीत माझा आवाज नको."

मॅडम म्हणाल्या, त्या स्वतः खिडकीतून बघून मगच बटण दाबतील, आजच्यासारखं होणार नाही.

"तुम्ही बघाल," तो म्हणाला. "तुमच्यानंतर येणाराही बघेल बहुतेक. पण एखाद्या दिवशी कुणाचा तरी हात चुकून पडेल. ती परकी बाई बोलली तर लोक आधी पाण्याकडं बघतील, लाँच आहे का नाही. मी बोललो तर बघणार नाहीत. आज कुणी बघितलं?"

त्याचं म्हणणं मॅडमना पुरतं पटलं होतं असं नाही. मर्जी तुमची, म्हणून त्या जिन्याकडे गेल्या. टिटवी मात्र भडकली. पहाटेपासूनची सगळी तगमग एकदम तोंडाशी आली. मला जरा विचारायचं होतंत, ती म्हणाली, मी कुणासाठी नाचतेय सकाळपासून, लोकांसाठी? त्या पेटीसाठी? आणि मग आवाज खाली आला.

"उद्या तुम्ही घरी बसणार. घरात तुम्ही बोलतच नाही. मग माझ्याकडं काय राहणार?"

 घरात बाप खरंच फारसा बोलत नसे. सगळं बोलणं धक्क्यावर सांडून यायचा. टिटवी फळ्यांच्या टोकाला जाऊन उभी राहिली, तिथूनही परत आली, खोलीत जाऊन जाकिटं नीट टांगायला लागली, दोन टांगली आणि सोडून दिली.

दुपारी यंत्रवाला आला, पेटी बसवली. चाचणीला त्या बाईचा आवाज खांबावरून आला, गोड, गुळगुळीत, कुठेही न अडखळणारा. आणि खरोखरच बाकड्यावरची माणसं मान वर करून पाण्याकडे बघायला लागली, लाँच आहे का ते. टिटवीनं ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. आई खिडकीतून म्हणाली, "बोलते छान. पण हिला सर्दी कधी व्हायची नाही," आणि पुढच्याला तिकीट दिलं.

ऊन उतरलं. खाडीचा रंग तांब्याच्या भांड्याच्या बुडासारखा झाला. पेटी उद्यापासून लागायची होती, आज अजून भोंग्याचाच दिवस. तो खोलीच्या दाराशी आला, शर्टाची वरची बटणं आपल्या हातानं काढलेली.

"उंदीर आहे का अजून?"

"कशाला?"

"शेवटची लाँच येतेय. ही खरी आहे."

 टिटवीनं आधी तिकीट खिडकीशी जाऊन स्पीकर चालू आहे का बघितलं, लाँचवाल्यांचे वायरलेस, मॅडमचा सेट, पेटीसुद्धा. सगळं चालू असतानाच चॅनेल नव्यानं शोधला. यावेळी वेळ लागला. गर्दीतून एक अरुंद वाट निघाली, ती धरली. सेल बदलले. चिकटपट्टी नवी घेतली, छातीवर दाबली. बापानं मान वर करून ती लावू दिली, न्हाव्यापुढं बसलेल्या पोरासारखं.

"पेटीला नाही द्यायचं," तो म्हणाला.

"नाही."

पुकाऱ्यासाठी त्यानं हातातला नेहमीचा माइक घेतला आणि छातीवर टिटवीचा ठेवून तो फळ्यांवरून टोकाकडे निघाला. टिटवी दाराशी, हेडफोन लावून. त्याची पाठ तिच्याकडे होती, आणि निम्म्या वाटेवर आवाज फाटायला लागला, श्वास येई, नाहीसा होई, पावलांतलं एखादं पाऊल गळे. ती पुढे सरकणार होती. सरकली नाही. समोर लाँच लागत होती, दिवे लावलेली. दोर खुंट्यावर पडला. तो दोराकडे बघत होता, मग फळीकडे, मग पाण्याकडे. हे त्याच्या पाठीवरूनही कळत होतं.

मग तो वळला. आजवर त्यानं शेवटची लाँच पाण्याकडे तोंड करून पुकारली होती. लाँचवरचा खलाशी मान वाकडी करून बघायला लागला, आज भोंगा उलटा का उभा राहिला. पाण्याला पाठ देऊन, तिच्याकडे तोंड करून त्यानं श्वास घेतला, आणि तो श्वास तिच्या कानात पुरता उतरला.

पुकारा झाला. यायचे ते आले, न धावता. लाँच सुटली. टिटवीनं रेकॉर्डर बंद केला नाही. हेडफोनमध्ये आता ओळ नव्हती. शर्टाची सळसळ होती, एक खाकरणं, खाली चुबुकणारं पाणी, आणि परत येणारी पावलं. ती जवळ येत होती, आणि आवाज कुठेच तुटत नव्हता.